पदरचं गृहीतक

वाटूर फाट्यावर मंठ्याच्या गाडीची वाट बघत आम्ही मामा-भाचे बसलो होतो. भाच्याच्या मांडीवर सरावाची प्रश्नपत्रिका. राज्यसेवा पूर्वपरीक्षेचा दुसरा पेपर, सी-सॅट. आता तो पात्रतेपुरता आहे, ३३ टक्के पडले की झालं. पण तिथंच अडकणारी पोरंही आहेत.

प्रश्न असा : कंपनीची विक्री २० टक्क्यांनी वाढली, खर्च १० टक्क्यांनी वाढला. निष्कर्ष : कंपनीचा नफा वाढला. भाच्यानं ‘बरोबर’वर खूण केली. उत्तरसूची म्हणाली, ‘निश्चित सांगता येत नाही.’

“मामा, छापायची चूक असंल.”

मलाही तसंच वाटलं. मग पेपरच्या कोऱ्या कडेला आकडे मांडले. विक्री १००, खर्च ९० धरा. वाढून झाले १२० आणि ९९. नफा १० वरून २१. झकास! पण विक्री ४० आणि खर्च १०० असेल तर? विक्री ४८ होते, खर्च ११०. तोटा ६० वरून ६२. कंपनी आधीपासून नफ्यात होती, असं प्रश्नात कुठंच नव्हतं. ते आम्ही दोघांनी पदरचं घातलं होतं.

असं पदरचं घालायला आपल्याला क्लास लावावा लागत नाही. कुणाच्या दारात नवा ट्रॅक्टर दिसला की ‘लई कमावलं गड्यानं’ म्हणून आपण मोकळे. हप्ता कोण भरतंय, ते विचारायचं नाही.

सोयाबीनचंच घ्या. २०२५-२६ साठी हमीभाव ४,८९२ वरून ५,३२८ झाला. क्विंटलला ४३६ रुपये जास्त. पारावर निष्कर्ष तयार : ४३६ सुटले. केंद्राच्याच तक्त्यात शेजारी खर्चाचा रकाना असतो, तो कुणी वाचत नाही. तिथं अंदाजित उत्पादन खर्च ३,२६१ वरून ३,५५२ झालेला. म्हणजे २९१ खर्चातच गेले, उरले १४५. हमीभाव खर्चाच्या दीडपट धरलेला, म्हणून कागदावरच्या नफ्याचा टक्का आधीही ५० आणि नंतरही ५०.

शिवाय या खर्चात घरच्या माणसांची मजुरी धरतात, पण स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या स्थिर भांडवलाचं व्याज नाही. ते धरलं की नफा आणखी उतरतो. आणि मोंढ्यात हमीभाव मिळालाच, एकरी उतारा तेवढाच पडला, ही पुन्हा पदरचीच गृहीतकं.

“मग औंदा आपले किती सुटले?” भाच्यानं विचारलं.

मी आडतीवरच्या पट्टीचा आकडा ठोकून दिला. त्यातून बी, खत, फवारणी वजाही करून दाखवली.

“आजीची खुरपणी धरली का?”

धरली नव्हती. रात्री घरी येऊन खर्चाची वही काढली. विक्रीच्या सगळ्या पट्ट्या तिच्यात नीट टाचलेल्या होत्या. खर्चाची पानं मात्र दुसऱ्या फवारणीनंतर कोरी.