शोएबुल्ला खान यांचे नाव घ्या!

हैदराबादच्या मराठी बंधुभगिनींनो,

येत्या १७ सप्टेंबरला पुन्हा झेंडे लागतील, भाषणे होतील. महाराष्ट्रात हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. आपल्या तेलंगणात २०२२ साली तो राष्ट्रीय एकात्मता दिन होता, २०२४ साली प्रजा पालन दिन झाला, आणि केंद्र सरकार त्याला हैदराबाद मुक्ती दिन म्हणते. नावावरून ज्यांना भांडायचे त्यांनी भांडावे. आमचे म्हणणे, त्या दिवशी अर्धीच हकीकत सांगितली जाते आणि उरलेली गिळली जाते, त्याबद्दल आहे.

हैदराबाद संस्थानावर राज्य करणाऱ्या निजामाचा जुलूम खराच होता. त्यात तसूभरही कमी करू नका. ‘गश्ती निशाण ५३’ या फर्मानाने सभा सरकारी परवानगीत बांधल्या. हैदराबाद स्टेट काँग्रेस १९३८ साली जन्मायच्या आतच बेकायदा ठरली. त्याच वर्षी उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हटले म्हणून मुलांना बाहेर काढले आणि नागपूर विद्यापीठाने त्यांना जवळ केले. या लढ्याचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ यांच्या उमेदीची वर्षे तुरुंगात गेली. मग लातूरचा एक वकील, कासिम रझवी, मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीन या पक्षाचा पुढारी झाला आणि त्याच्या रझाकार स्वयंसेवकांची फौज गावोगाव फिरू लागली. गणवेश, कवायत, नेत्याच्या नावाने शपथ, आणि शत्रू म्हणून दाखवायला शेजारचा माणूस. इटलीत मुसोलिनीच्या काळ्या सदऱ्यांनी हेच केले होते. मे १९४८ मध्ये बिदर जिल्ह्यातले गोरटा आणि ऑगस्टमध्ये वरंगळकडचे भैरनपल्ली रक्तात न्हाले. मराठवाड्यातली माणसे बायकापोरांसह बार्शी-सोलापूरकडे निघाली.

आता आपल्या हैदराबादेतले बोलू. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान वयाने अठ्ठावीसही नव्हते. संस्थानाने भारतात सामील व्हावे, असे ते उघड लिहीत. धमक्या आल्या तरी लिहीत राहिले. २१ ऑगस्ट १९४८च्या रात्री कचेरीतून घरी परतताना काचीगुड्याजवळ त्यांना गाठले, गोळ्या घातल्या आणि लिहिता हात तोडला. पहाट व्हायच्या आत ते गेले. त्या भागातून आपण रोज बसने, रिक्षाने जातो. सुलतान बाजारात भाजी घेतो, मुलांना शाळेत सोडतो. आपल्या किती सभांत हे नाव कोणी उच्चारले? मी चाळीस वर्षे या सभांना जातो आहे. मला एकदाही ऐकू आले नाही.

आणि गिळलेली दुसरी गोष्ट. १३ सप्टेंबरला ‘पोलीस अ‍ॅक्शन’ म्हणून भारताच्या फौजा आत शिरल्या, १७ला निजामाने हात टेकले, १८ला जनरल एल एद्रूस मेजर जनरल चौधरींना शरण आले. इथे आपण गोष्ट संपवतो. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड या जिल्ह्यांत मात्र ती तिथून सुरू झाली, मुसलमानांच्या कत्तलींनी. नेहरूंच्या सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांनी त्या हिवाळ्यात गावे पालथी घातली. त्यांचा अंदाज २७ ते ४० हजार मृत्यूंचा होता, आणि तोही राखून केलेला. मरणारे बहुतेक निरपराध मुसलमान होते, रझाकारीशी ज्यांचा काडीचा संबंध नव्हता असे. काही ठिकाणी गणवेशातल्या माणसांनीच लुटीला हात दिला, असेही त्यांनी अहवालात लिहिले. त्याच अहवालात मुसलमान विणकरांसाठी जमावापुढे उभे राहून जीव गमावणारे हिंदू विणकरही आहेत. अहवाल अनेक दशके दडवून ठेवला गेला.

माझी आजी औशाकडची. रझाकारी आली की घरातल्या बायका धान्याच्या बळदात उतरायच्या आणि वर पोती लोटायचे. पोलीस अ‍ॅक्शननंतर त्याच बळदात शेजारची मण्यारीण दोन लेकरांना घेऊन नऊ दिवस राहिली. तिच्या नवऱ्याला मात्र गल्लीतून ओढून नेले, आणि एकही दार उघडले नाही. आमचेही नाही. आजी हे सांगताना बोलायची थांबायची आणि हातातले धान्य निवडत राहायची.

आज ‘रझाकार’ ही शिवी कोणालाही, त्याचे आडनाव बघून, दिली जाते. १९४८ साली जन्मलाही नव्हता अशा रिक्षावाल्याला, अशा विद्यार्थ्याला. रझवीने माणसे धर्मावरून मोजली. तीच मोजणी आपण करू लागलो, तर त्याचेच राज्य आपण पुढे चालवतो आहोत. निजामाविरुद्ध जे लढले त्यांनी यासाठी तुरुंग भोगला नव्हता.

म्हणून मागणे एवढेच. यंदाच्या सभेत स्वामीजींसोबत शोएबुल्ला खान यांना हार घाला. गोरट्याचे नाव घेणाऱ्याने त्याच भाषणात उस्मानाबाद-लातूरचेही नाव घ्यावे. सुंदरलाल अहवालाचे मराठी भाषांतर आपल्या शाळांच्या आणि वाचनालयांच्या कपाटात असू द्या. आणि घरात त्या काळचे कोणी म्हातारे माणूस हयात असेल, तर याच आठवड्यात वही घेऊन त्यांच्यापाशी बसा. बळदात कोण कोण होते, ते विचारा. बाहेर कोण राहिले, तेही विचारा.