नळ, निचरा आणि स्थापत्याचे शिक्षण

शहरातील कोणत्याही सहकारी गृहनिर्माण संस्थेचे तक्रारींचे दप्तर चाळले, तर पाया खचल्याची नोंद त्यात क्वचितच आढळेल. परंतु वरच्या न्हाणीघरातून खालच्या घराच्या छतावर उतरणारी ओल, तुंबलेल्या सांडपाण्याच्या नळ्या आणि त्यांपायी शेजाऱ्याशेजाऱ्यांत माजलेला कलह यांचा पत्रव्यवहार मात्र पानोपानी सापडेल. असे असता, स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याची चार वर्षे बव्हंशी तुळया, स्तंभ आणि पाया यांच्या गणितात खर्ची पडतात, आणि पाणीपुरवठा, निचरा, वीज, वायुवीजन व अग्निशमन या इमारतीच्या सेवांशी त्याचा परिचय बहुधा एखाद्या प्रकरणापुरताच होतो, ही गोष्ट चिंतनीय आहे.

यावर अशी हरकत घेतली जाईल की, विजेसाठी विद्युत अभियंता आहे, यंत्रांसाठी यांत्रिकी अभियंता आहे आणि नळासाठी प्लंबर आहे. मग आधीच भाराने वाकलेल्या अभ्यासक्रमावर हे नवे ओझे कशाला? हरकत वरकरणी सयुक्तिक असली, तरी ती टिकणारी नाही. कारण या सेवा ज्या भिंतींतून आणि स्लॅबमधून जावयाच्या, त्यांची जागा व जाडी ठरविण्याचा अखत्यार स्थापत्य अभियंत्याचाच असतो.

माणशी दररोज १३५ लिटर या रूढ प्रमाणाने वीस घरांतील शंभर माणसांना साडेतेरा हजार लिटर पाणी लागते. तेवढे गच्चीवरील टाकीत साठवावयाचे, तर केवळ पाण्याचेच वजन साडेतेरा टन भरते, आणि भूकंपाच्या धक्क्यात तेच वजन इमारतीच्या माथ्यावर डोलू लागते. म्हणजे पाणीपुरवठ्याच्या तासाला काढलेला आकडा संरचनेच्या तासाला भार होऊन उभा राहतो. पण हे दोन तास घेणारे अध्यापक परस्परांशी मसलत करीत नाहीत, म्हणून विद्यार्थ्यालाही तो संबंध उमगत नाही. निचऱ्याचेही तसेच. सहा मीटर लांबीच्या आडव्या नळीला चाळीसास एक असा उतार दिला, तर ती पंधरा सेंटिमीटर खाली उतरते. वाटेत तुळई आहे हे नकाशावर कोणी पाहिले नसेल, तर पुढे छिन्नी-हातोडी घेऊन आलेला कारागीर टेकूजवळच, जेथे कर्तनबल सर्वाधिक असते नेमक्या तेथेच, तुळईला भोक पाडतो आणि रिंगा तोडून मोकळा होतो. त्या कारागिराला दोष देण्यात अर्थ नाही. जो निर्णय कागदावर व्हावयास हवा होता, तो बेफिकिरीने त्याच्या हाती सोपविला गेला.

राष्ट्रीय इमारत संहितेने अग्निसुरक्षा, इमारतीच्या सेवा आणि नळकाम यांना स्वतंत्र भाग दिले आहेत. उणीव तरतुदींची नाही, अध्यापनाची आहे. आणि त्यासाठी आणखी एका पाठ्यपुस्तकाची भर घालावी, असेही माझे म्हणणे नाही. तिसऱ्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याला एक साधी चार मजली इमारत द्यावी. तिच्या तुळया, नळ्या, विजेच्या वाहिन्या आणि जिने त्याने एकाच नकाशावर मांडावेत. विद्युत व यांत्रिकी शाखांच्या अध्यापकांनी तो नकाशा तपासावा. आणि पंचवीस वर्षे वापरात असलेली एखादी इमारत दाखवून, ओल कोठून येते याचा माग त्यास काढावयास लावावा. जोवर नळी आणि तुळई यांची टक्कर कागदावरच सोडविल्याचा दाखला विद्यार्थी देत नाही, तोवर त्याला इमारतीच्या संकल्पनात उत्तीर्ण करू नये.