फादरचा आवाज

अप्रेझलचा सेल्फ-असेसमेंट फॉर्म यंदा तुमच्यापैकी किती जणांनी स्वतःच्या डोक्यानं भरला? राहू दे, हात वर करू नका. बॉसला सिक लीव्हचा मेल, सोसायटीच्या सेक्रेटरीला कडक पत्र, एक्सच्या लग्नाला 'अगदी मनापासून' शुभेच्छा... हल्ली सगळं चॅटबॉट लिहितो, आपण फक्त सेंड दाबतो. आपलं ठीक आहे हो. पण रविवारचं चर्चमधलं प्रवचनही त्यानंच लिहिलं तर?

हसू नका, हे होऊन गेलंय. जून २०२३ मध्ये जर्मनीतल्या फ्युर्थच्या सेंट पॉल चर्चमध्ये तीनशेहून जास्त लोक सकाळी रांग लावून आत गेले. समोर पाद्री नव्हताच. स्क्रीनवर एक दाढीवाला अवतार प्रवचन देत होता आणि त्यातला बहुतेक मजकूर चॅटजीपीटीचा होता. पुढच्या वर्षी स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्नच्या एका चॅपलनं कन्फेशनच्या खोलीत चक्क एआय येशू बसवला. कमाल केली ती अमेरिकेतल्या 'कॅथलिक आन्सर्स' या संस्थेनं. एप्रिल २०२४ मध्ये त्यांनी 'फादर जस्टिन' नावाचा चॅटबॉट आणला. या महाशयांनी एकाला सांगितलं, की अडचणीत बाळाचा बाप्तिस्मा गेटोरेडनं केला तरी चालेल! दोन-चार दिवसांतच फादरचा झगा उतरला आणि ते नुसते 'जस्टिन' झाले. प्रोबेशनवरच डिमोशन.

हे सगळं तिकडचं. माझं डोकं मात्र डहाणूत अडकलं होतं. पश्चिम रेल्वेची लोकल २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत जाते. आपल्यापैकी बहुतेकांना ते स्टेशन इंडिकेटरवरच माहीत. चिकू, महालक्ष्मीची जत्रा, वारली चित्रांचे कुर्ते... संपलं आपलं जनरल नॉलेज. तिथून पुढं गुजरातच्या सीमेला टेकलेला तलासरी तालुका. तिथं जेझुइट फादरांचं ज्ञानमाता सदन आहे. हा सगळा पट्टा वसई धर्मप्रांतात येतो, जो १९९८ मध्ये मुंबईपासून वेगळा झाला. म्हणजे चर्च आहे, फादर आहेत, सिस्टर आहेत, आणि आता प्रत्येकाच्या हातात स्मार्टफोनही आहे. मग तिथं हे एआयचं प्रकरण काय रंग दाखवेल?

मी चॅटबॉटला ऑर्डर सोडली : तलासरीच्या धर्मग्रामासाठी उपवासकाळातलं प्रवचन लिही, विषय उधळ्या पुत्राचा दाखला, भाषा वारली. पाच सेकंदांत आलं. वारलीच्या नावाखाली शाळेच्या पुस्तकातलं मराठी आणि वरून फोडणीला मालवणी वळणाची दोन-चार क्रियापदं. बिचाऱ्याचा तरी काय दोष? वारली घराघरांत बोलली जाते, पण छापलेला मजकूर मूठभर. यंत्र वाचणार काय? केंद्र सरकारचा 'भाषिणी' प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला तो आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषा डोळ्यांसमोर ठेवून. वारली त्या यादीत नाही. आणि २०११ च्या जनगणनेत तलासरी तालुक्यात आदिवासींचं प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास आहे!

भाषेपेक्षा गंमत मजकुराची. चॅटबॉटच्या गोष्टीत धाकटा मुलगा इस्टेटीचा वाटा घेऊन 'शहराच्या मोहात' पळतो आणि बाप उंबऱ्यात उभा राहून वाट बघतो. आता तलासरी-डहाणूचं वर्षाचं कॅलेंडर बघा. भाताचं काम उरकलं, दिवाळी झाली, की कितीतरी कुटुंबं घराला कडी लावून वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, मच्छीमार बोटींवर जातात. परत येतात ती पावसाच्या तोंडावर. उपवासकाळ पडतो नेमका फेब्रुवारी-मार्चच्या आसपास. म्हणजे प्रवचन ऐकायला समोर असतील ती बरीचशी म्हातारी माणसं आणि हॉस्टेलची पोरं. इथं मोहानं कुणी जात नाही, उचल घेतलेली असते म्हणून जातात. आणि बाप उंबऱ्यात उभा नसतो, तोही भट्टीवरच असतो. तिथल्या फादरला हे कुणी सांगावं लागत नाही.

आता तुम्ही म्हणाल, द्या हे सगळं प्रॉम्प्टमध्ये, लिहील बरोबर. लिहील की! मी काही फादर लोकांनी लॅपटॉप विहिरीत टाकावा या मताचा नाही. स्कॉलरशिपचे अर्ज, जातीच्या दाखल्याची पत्रं, सरकारी जीआरचं माणसांच्या भाषेत भाषांतर, यासाठी एआय बिनधास्त वापरा. तो वेळ वाचवून पाड्यावर जा. फक्त एक पथ्य. लोक फादरला काय काय सांगतात... कोणाची मजुरी कोणत्या मुकादमानं बुडवली, कोणाच्या घरात दारू आहे, कोणाची पोरगी घर सोडून गेली. ते 'जरा सल्ला दे' म्हणून चॅटबॉटमध्ये टाइप केलं, की गेलं कुठल्यातरी कंपनीच्या सर्व्हरवर. कन्फेशनमधलं बाहेर सांगायला फादरला बंदी आहे. चॅटबॉटनं तशी शपथ घेतलेली नाही.

पण खरी भीती मला प्रवचनाची वाटत नाही, आवाजाची वाटते. सध्याचं टूल काही सेकंदांची क्लिप मिळाली तरी माणसाचा आवाज उचलतं. आणि हा असा पट्टा आहे, जिथं खोट्या निरोपानं माणसं मेलेली आहेत. एकदा नाही, दोनदा.

पहिली गोष्ट १९४५ ची. गोदावरी परुळेकर या भागातल्या वारल्यांना वेठबिगारीविरुद्ध उभं करत होत्या. बाई कम्युनिस्ट, चर्चशी संबंध शून्य. पण पाड्यांवर मुक्काम करून, माणसांत राहून मिळवलेला विश्वास हीच त्यांचीही कमाई. लोक त्यांना गोदाराणी म्हणायचे. ऑक्टोबरात जमीनदारांच्या माणसांनी निरोप फिरवला, की तलवाड्याला सभा आहे, गोदाराणी येणार आहे, तिच्या जिवाला धोका आहे. हजारो वारली रात्रीतून जमले. तिकडे पोलिसांना सांगितलं गेलं, की हे हल्ला करायला आलेत. गोळीबार झाला, पाच जण गेले. बाई तिथं नव्हत्याच. परुळेकरांनी पुढं 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हा सगळा काळ लिहून ठेवलाय. विचार करा, तेव्हा ना फोन होता, ना व्हॉट्सअ‍ॅप. नुसत्या तिच्या नावावर हजारो माणसं घराबाहेर पडली होती.

दुसरी गोष्ट तुम्हाला आठवत असेलच. १६ एप्रिल २०२०, लॉकडाउन, डहाणू तालुक्यातलं गडचिंचले. पोरं पळवणारी टोळी फिरतेय अशा अफवा फोनवरून फिरत होत्या. जमावानं दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर, तिघांना मारून टाकलं. त्यानंतर देशभरात त्या घटनेला धर्माचा रंग देणारे मेसेज फिरायला लागले, ते वेगळंच. ते फिरवणाऱ्या कितीजणांना गडचिंचले नकाशावर दाखवता आलं असतं, देव जाणे.

आता या दोन गोष्टींत एआय मिसळा. रात्री अकराला व्हॉइस नोट येते. हुबेहूब फादरचा आवाज, तीच 'बाळांनो' म्हणायची ढब : चर्चवर माणसं चालून येतायत, सगळे या. किंवा उलटं. फादर दुसऱ्या देवांबद्दल नको ते बोलतायत अशी क्लिप, दुसऱ्याच कुठल्या ग्रुपवर. खरी की खोटी हे फॉरेन्सिक लॅब सांगेपर्यंत किती दिवस जातील? धर्मांतराच्या विषयावरून आधीच तापलेल्या भागात एवढा वेळ कोणाकडे आहे?

हे दूरचं वाटत असेल तर ऐका. पोप लिओ चौदावे ८ मे २०२५ ला निवडून आले. दोनच दिवसांत कार्डिनलांना त्यांनी सांगितलं, की १८९१ मध्ये कामगारांच्या प्रश्नावर पत्रक काढणाऱ्या तेराव्या लिओंची आठवण म्हणून हे नाव घेतलं, कारण आता एआयमुळे माणसाच्या कामाचा आणि प्रतिष्ठेचा प्रश्न पुन्हा उभा राहिलाय. आणि त्याच महिन्यात त्यांचाच बनावट व्हिडिओ जगभर फिरला! बुर्किना फासोच्या अध्यक्षांची स्तुती करणारा. व्हॅटिकनला तो खोटा असल्याचं सांगावं लागलं. २०२६ च्या जागतिक संपर्क दिनासाठी चर्चनं विषयच ठेवलाय माणसांचे आवाज आणि चेहरे जपण्याचा. पोपसाठी खुलासा करायला अख्खं प्रेस ऑफिस आहे. तलासरीच्या फादरकडे एक मोटरसायकल आहे.

आणि मला वाटतं तीच कामाची आहे. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो आठवा. २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून ते उभ्या महाराष्ट्राला माहीत झाले. पण वसईकरांना ते माहीत होते हरित वसई संरक्षण समितीच्या दिवसांपासून, जमीन माफियांविरुद्ध लोकांबरोबर रस्त्यावर उतरणारे म्हणून. २०२४ मध्ये ते गेले. असा माणूस काय बोलेल आणि काय मेलं तरी बोलणार नाही, हे ज्यांनी त्याला बघितलंय त्यांना क्लिप न ऐकताच कळतं.

म्हणून वसई धर्मप्रांताच्या बिशपांना न मागितलेला सल्ला द्यायचा तर एवढाच. एआय पॉलिसीचं पीडीएफ खुशाल काढा, पण आधी प्रत्येक पाड्यावर एक गोष्ट ठरवून टाका : गर्दी जमवायचा निरोप फादर कधीही फोनवर देणार नाहीत. तसा आला, तर पोरांनी हातात काठी घ्यायच्या आधी कॅटेकिस्टच्या घरी जाऊन विचारायचं. कॅटेकिस्ट त्याच पाड्यातला असतो, त्याचं दार रात्री अकरालाही वाजवता येतं. हा नियम रविवारी मिस्सा संपल्यावर समोर उभं राहून, वारलीत सांगायचा. आणि दिवाळीच्या आधी सांगायचा, माणसं भट्टीवर जायच्या आत.