संगणकाचा बांध कोण राखणार?

२७ जून २०१७ रोजी शेव्याच्या बंदरातले एक टर्मिनल ठप्प झाले. संप नव्हता, वादळ नव्हते, ट्रेलरवाल्यांचा चक्काजामही नव्हता. गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचे संगणक एकाएकी बंद पडले, एवढेच. जासईच्या रस्त्याने रात्रंदिवस कंटेनर जातात. त्यातला कोणता डबा कोणत्या बोटीतून उतरला, कुणाचा आहे, आवारात कुठे रचलाय, हे माणसाच्या डोक्यात नसते, संगणकात असते. तो गेला की क्रेन उभी, डबा उभा, ड्रायव्हर उभा. काम हाताने उरकावे लागले आणि माल साठू लागल्यावर बंदर प्रशासनाला वाहनांसाठी जादा जागा शोधावी लागली.

गंमत अशी की उरण तालुक्याशी कुणाचे वैर नव्हते. हल्ला झाला होता युक्रेनवर. तिथल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून ‘नॉटपेट्या’ नावाचा विषाणू सोडला गेला. तो मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीत शिरला आणि कंपनीच्या तारांवरून जगभर पळाला. आपल्याकडचे हे टर्मिनल त्याच कंपनीच्या समूहाकडे, म्हणून तेही सापडले. कंपनीला पुढे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले, नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरचे झाले. पडद्यावर ३०० डॉलरची खंडणी मागितलेली दिसे, पण पैसे भरून काही उपयोग नव्हता. कुलपाला किल्ली केलेलीच नव्हती.

हे सगळे वर्तमानपत्रांत तेव्हा येऊन गेले. जे फारसे बोलले गेले नाही ते असे, की ज्या भोकातून हा विषाणू एका यंत्रातून दुसऱ्यात शिरत होता, त्या भोकाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ लाच फुकट देऊन टाकली होती. म्हणजे टर्मिनल बंद पडण्याच्या १०५ दिवस आधी! मधे १२ मे रोजी त्याच भोकातून ‘वॉनाक्राय’ने जगभर धुमाकूळ घातला, इंग्लंडातल्या इस्पितळांनी रोगी परत पाठवले. इतका डांगोरा पिटला गेला तरी लाखो संगणक तसेच राहिले.

हे भोक होते कुठे, ते शेतकऱ्याला समजायला अवघड नाही. संगणकात शेकडो प्रोग्राम चालतात, पण त्या सर्वांच्या मुळाशी एक असतो. त्याला इंग्रजीत ‘कर्नल’ म्हणतात. लष्करातला कर्नल नव्हे हो! तुसाच्या आतला दाणा, गर, तो हा शब्द. मेमरी कुणाला किती द्यायची, डिस्कवर कोण लिहिणार, नेटवर्कवरून आलेले कुणाकडे जाणार, हे सारे हा गाभा ठरवतो. वरचा एखादा प्रोग्राम बिघडला तर तो एकटा मरतो. गाभ्यात शिरणाऱ्याला मात्र सगळ्या खोल्या उघड्या.

विंडोजमध्ये फायली एकमेकांना देण्या-घेण्याचे काम करणारा एक भाग या गाभ्यातच बसतो. त्यात मापाची चूक होती. मोठा आकडा लहान घरात लिहिला जाई, म्हणून कणगी लहान धरली जाई आणि भात मात्र जास्त ओतले जाई. वर आलेले शेजारच्या कणगीत सांडे. चोर काय करी, सांडणारे भात आपल्याला हवे तसे निवडून पाठवी. मग शेजारच्या कणगीत त्याचेच बी! अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याला ही चूक ठाऊक होती. तिथले हत्यार चोरीला गेले आणि १४ एप्रिल २०१७ ला चव्हाट्यावर आले. दुरुस्ती म्हणाल तर माप नीट घ्यायचे, एवढीच.

उरण, पेण, अलिबागच्या खारेपाटात हे कुणाला शिकवायला नको. समुद्राचा बांध भरतीच्या एका लाटेने फुटत नाही. आधी खेकडा बीळ पाडतो. दिसले तेव्हा चिखलाचे चार गोळे दाबले की काम भागते. आज नको, उद्या पाहू म्हणाल तर उधाणाला खांड पडते आणि मग एकट्या आळशाचे शेत बुडत नाही, आतली सगळी खाचरे खारी होतात. म्हणून पूर्वी ‘जोळ’ असे. ज्यांची शेते बांधाच्या आत, त्या सगळ्यांनी मिळून बांध राखायचा. पुढे खारभूमीचे सरकारी खाते आले आणि बांध ‘सरकारचा’ झाला. त्यानंतर बिळे कोण बुजवतो, हे ज्याने त्याने आपल्या गावात पाहावे.

नॉटपेट्याचे अगदी तसेच. दुरुस्त न केलेले एक यंत्र त्याला पुरे होई. तिथे शिरून तो साठवलेले पासवर्ड उचली आणि त्या पासवर्डने दुरुस्ती केलेल्या यंत्रांतही घुसे. म्हणजे ज्याने आपल्या वाट्याचा बांध राखला, तोही बुडाला.

आता गावाकडे वळू. ग्रामपंचायतीत संगणक आला, खरेदीचा फोटो निघाला, साठा नोंदवहीत नोंद झाली. देखभाल कुणाची? ऑपरेटर म्हणतो मी दाखले काढायला आहे. ग्रामसेवक (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) म्हणतात माझ्याकडे दोन गावांचा पदभार. सरपंच म्हणतात आपल्याला त्यातले कळत नाही. कोपऱ्यात खिडकी येते, ‘दुरुस्ती आली आहे, यंत्र पुन्हा सुरू करा’. ऑपरेटर ‘नंतर’ दाबतो. त्याचाही दोष किती काढावा? समोर दाखल्यासाठी पाच माणसे उभी आणि यंत्र अर्धा तास फिरत बसणार!

आणि आज त्या यंत्रावर काय काय आहे? २०२० पासून ई-ग्रामस्वराजवरून वित्त आयोगाचा पैसा सरपंच आणि ग्रामसेवकाच्या डिजिटल सहीने जातो. ती सहीची डोंगल पुष्कळ ठिकाणी दिवसभर यंत्रालाच टोचलेली असते. कोऱ्या चेकवर सही करून टेबलावर ठेवण्याचाच हा प्रकार. नमुना ८, घरपट्टी, जन्ममृत्यू, सगळे तिथूनच चालते. सातबारा राज्याच्या सर्व्हरवर असतो, गावच्या यंत्रात नव्हे, हे खरे. पण त्या सर्व्हरकडे जाणारी पायवाट याच यंत्रातून निघते. जासईच्या परिसराने तर कागदाची किंमत कुणाहूनही जास्त मोजली आहे. जानेवारी १९८४ च्या जमिनीच्या लढ्यात पाच जणांनी प्राण दिले, तेव्हा कुठे साडेबारा टक्क्यांची वाट निघाली. त्या काळचे कागद लोकांनी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेत. आताचे कागद ज्या पेटीत आहेत, तिचे कुलूप शेवटचे कधी तपासले, हे कुणी सांगेल काय?

विंडोज ७ ची दुरुस्ती १४ जानेवारी २०२० ला थांबली. विंडोज १० ची फुकट दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, पुढे काही काळ मिळते ती पैसे भरून किंवा खास नोंदणी करून. म्हणजे यानंतर त्या गाभ्यात सापडणारे बीळ जगाला कळेल, चोराला कळेल, आपल्या यंत्राला चिखलाचा गोळा मात्र मिळणार नाही. यंत्र चालू राहील, दाखले निघतील, म्हणून कुणाला वाटणारही नाही की काही बिघडलंय.

लिनक्स फुकट आहे, ते घ्या, असे कुणी सुचवतात. सूचना चांगली आहे, पण तिथेही राखण सुटत नाही. लिनक्सच्या गाभ्यातले एक भोक २००७ पासून पडून होते, ते बुजले ऑक्टोबर २०१६ मध्ये. फरक इतकाच की तिथे जगभरची माणसे जोळासारखी बांधावर फिरत असतात आणि गोळे जवळजवळ दर आठवड्याला तयार होतात. आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्ये लिनक्सचाच गाभा आहे. ई-पीक पाहणी आपण त्यावरच करतो. पण फोनची कंपनी दोन-चार वर्षांनी दुरुस्ती पाठवणे बंद करते, मग तयार गोळा आपल्या बांधापर्यंत पोचत नाही.

‘अपडेट केलं की मशीन बिघडतं’ हे गाऱ्हाणे मात्र खोटे म्हणता येत नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या रक्षक कंपनीचाच सदोष अपडेट गाभ्यापर्यंत गेला आणि सुमारे ८५ लाख विंडोज संगणक एका दिवसात निळे पडले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून द्यावे लागले. पण म्हणून बांध दुरुस्तच करू नये, असे कुणी शेतकरी म्हणत नाही. आधी नोंदींची नक्कल वेगळ्या डिस्कवर काढून डिस्क कपाटात ठेवावी. पंचायत समितीने आपल्या एका यंत्रावर दुरुस्ती घालून दोन दिवस पाहावे, मग गावांना कळवावे. गावाने शनिवारी संध्याकाळी, दाखल्याची रांग संपल्यावर, ती घालावी. यात खर्च फार नाही, पण कुणाच्या तरी नावावर काम लागते.

म्हणून आमचे म्हणणे असे, की पंचायतीच्या अंदाजपत्रकात संगणक खरेदीच्या खाली देखभालीचा एक रकाना काढावा, आणि मासिक सभेपुढे घरपट्टी वसुलीबरोबर शेवटच्या दुरुस्तीची तारीख वाचली जावी. येत्या ग्रामसभेत गावकऱ्यांनी तीनच गोष्टी विचाराव्यात: आपल्या कार्यालयात संगणक किती आणि कोणत्या विंडोजचे, शेवटची दुरुस्ती कोणत्या तारखेची, आणि सहीची डोंगल रात्री कुणाच्या कपाटात असते. उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत, माणसाच्या नावासकट.