बुडबुडा म्हणजे जन्मदाखला नव्हे!

गेल्या आठवड्यात आमच्या मावसभावाने ओहायोतल्या एका जुन्यापान्या दुकानातून काचेच्या कँडलस्टिकची जोडी आणली. पिवळट-हिरवी, डॉल्फिनवाली. "दादा, १८४०ची आहे! बुडबुडे बघ. अतिनील दिव्याखाली चमकतेसुद्धा!" महिन्याचं घरभाडं मोजून आलाय पठ्ठ्या.

बुडबुड्यांवरून वय सांगणाऱ्यांना मी हात जोडतो. बुडबुडे आजच्या स्वस्त काचेतही असतात. चमक युरेनियमची, आणि तशी काच १८३०च्या दशकापासून आजतागायत बनतेय. जांभळी झाक तर मँगनीजवाल्या काचेला कृत्रिम किरणोत्साराने हवी तेव्हा आणतात.

बघायची ती घडण. मॅसॅच्युसेट्सच्या बॉस्टन अँड सँडविच कारखान्यात (१८२५–१८८८) सुरुवातीला साच्यात दाबलेले दोन भाग मध्ये गरम काचेची चकती ठेवून जोडत. हाताचा जोड, त्यामुळे कुठे जाडा, कुठे किंचित कललेला. ह्याच्या जोडीला जोडच नाही, साच्याची शिवण तळापासून तोंडापर्यंत सलग! तळावर झिजेचे वेडेवाकडे ओरखडे हवेत. इथे सगळे एकाच दिशेला, पॉलिश पेपर मारल्यासारखे.

नुसत्या आकारावर तर जाऊच नये. हायझीचा कारखाना १९५७ला बंद पडला, पण साचे १९५८ला इंपीरियलने घेतले आणि त्यांतून माल काढला.

मावशी म्हणते, "कशाला पोराचा विरस करतोस?" अगं, दुकानदार शनिवारपर्यंत परत घेतोय म्हणून! तीन दिवस हा फोन उचलत नाहीये. ब्लॉग मात्र वाचतो, म्हणून इथे लिहिलं.