हाती झांज येते तेव्हा

वाचकहो, आपल्या घरात किंवा शेजारी गाणारे, वाजविणारे कोणी असेल, तर त्यांना एकदा सहज विचारून पाहा: संगीताची पहिली ओढ आपल्याला केव्हा लागली? बहुतेक जण एखाद्या थोर गवयाचे नाव घेतील, एखादी मैफल सांगतील, एखादी ध्वनिमुद्रिका सांगतील. ते खोटे नसते. पण उत्तर ऐकून उठू नका. त्याच्या आधी काय होते, म्हणून विचारा. मग थोड्या वेळाने, काहीशा संकोचाने, आजीच्या ओव्या, कीर्तनातला मृदंग, गणपतीच्या आरतीत हाती आलेली झांज, नाहीतर स्वयंपाकघरातला पत्र्याचा डबा बाहेर येतो. माझ्या मते खरी सुरुवात त्या डब्यापाशीच असते.

हा विचार मला सुचला तो झाशीला. माझ्या आतेबहिणीचे सासर तेथले. घराणे चार-पाच पिढ्यांपूर्वी दक्षिणेतून तिकडे गेलेले. मराठी बोलतात ते बुंदेली वळणाचे, पण भाद्रपद आला की घर अगदी कोकणातल्यासारखे गजबजते. झाशीत मराठी माणसांचा राबता पेशवाईपासूनचा. १८४२ मध्ये गंगाधरराव नेवाळकर आणि लक्ष्मीबाई ह्यांचा विवाह ज्या गणेशमंदिरात लागला, ते मंदिर आजही तेथे आहे आणि मराठी मंडळी आजही तेथे जमतात. राणीच्या पराक्रमापुढे गंगाधररावांची आठवण फारशी कोणाला राहिलेली नाही. पण त्या गृहस्थांना नाटकाचा मोठा नाद होता आणि त्यांच्या पदरी नाटकशाळा होती. झाशी म्हटले की तलवार आठवते. तिथे घुंगरू आणि पखवाजही होते, हे सांगावे लागते.

तर ह्या घरी संध्याकाळच्या आरतीला पंधरा-वीस माणसे जमत. बहिणीच्या सासूबाईंनी ऐंशी ओलांडली आहे. आरतीचा सारा कारभार त्यांच्याकडे. त्यांच्या घरचा नियम असा की, मूल नीट उभे राहू लागले की त्याच्या हाती झांज द्यायची. मूल आहे, आवाज बिघडवील, बाजूला बसव, हा विचारच तेथे नाही. त्या वर्षी बहिणीची सात वर्षांची नात दिल्लीहून आली होती आणि झांज प्रथमच तिच्या हाती पडली होती. दिल्लीच्या घरी, ती मला म्हणाली, आरती मोबाइलवर लावतात.

पहिल्या दिवशी तिने दोन्ही वाट्या मुठीत घट्ट धरल्या. झांजेचा गुण असा की, धातूला तळवा लागला की नाद मरतो. ‘झण्ण’ ऐवजी ‘थप्प’ असा आवाज येतो. दोरी बोटांभोवती गुंडाळावी आणि वाटी मोकळी लोंबू द्यावी, तेव्हा ती बोलते. हे पणजीने दोन शब्दांत दाखविले आणि पुढे एक अक्षर बोलल्या नाहीत. नाद आला, ताल मात्र नव्हता. पोर कधी पुढे धावे, कधी मागे राही. मी मनात म्हटले, आता कोणीतरी तिला थांबविणार. कोणी थांबविले नाही.

मला तसे वाटण्याचे कारण होते. मी नऊ वर्षांची असताना शाळेच्या समूहगीतात होते. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आमच्या गाण्याच्या बाईंनी मला बाजूला घेतले आणि अगदी मायेने सांगितले, की तू नुसते ओठ हलव. मी ओठ हलविले. त्यानंतर पन्नास वर्षे मी ओठच हलवीत आले आहे. आरतीत, राष्ट्रगीतात, मुलीच्या लग्नातल्या मंगलाष्टकांतसुद्धा. बाईंचा हेतू वाईट नव्हता. उद्याचा कार्यक्रम नीट व्हावा एवढेच त्यांना हवे होते. पण त्या एका संध्याकाळच्या नीटनेटकेपणाची किंमत किती पडली, हे त्यांना कधी कळले नसेल.

पुन्हा झाशीला येऊ. तिसऱ्या दिवशी काय झाले ते मी जवळून पाहिले. तोपर्यंत ती मुलगी आपल्या झांजेकडे टक लावून पाहत असे. त्या दिवशी समोर तिची आत्या उभी होती. मुलीची नजर झांजेवरून उठली आणि आत्याच्या हातांवर गेली. दोन ओळी गेल्या असतील नसतील, तिचा ठोका आत्याच्या ठोक्यात जाऊन बसला. ते तिच्याही ध्यानात आले. कारण ती एकदम हसली, आणि हसताना चुकली, आणि पुन्हा जागेवर आली. आरती संपल्यावर ती सोडायला तयार नव्हती.

आता ह्यावर शास्त्राचे म्हणणे ऐका. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, अवघ्या दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बालकांना ढोलाचा ठेका ऐकवून त्यांच्या मेंदूतील विद्युत्-स्पंदने नोंदविली गेली. ठेक्यातला मुख्य ठोका मधूनच गाळला की त्या स्पंदनांत फरक दिसे. म्हणजे ‘येथे काही यायला हवे होते’ ही जाणीव आपण जन्मतः घेऊन येतो. त्याच वर्षी जर्मनीतील लाइपझिग शहरी किर्शनर आणि टोमासेलो ह्या दोघांनी अडीच ते साडेचार वर्षांच्या मुलांबरोबर निराळा प्रयोग केला. मुलांना कधी माणसाच्या जोडीने ढोल वाजवायला दिला, कधी यंत्राने वाजणाऱ्या ढोलाच्या जोडीने, तर कधी नुसत्या ध्वनिक्षेपकातून येणाऱ्या आवाजाबरोबर. ठोके तेच, पण मुलांचा ताल जुळला तो माणसाच्या सोबतीत अधिक. म्हणजे झाशीच्या पोरीला आत्याचे हात हवे होते, तसेच त्या जर्मन बालकांनाही कोणाचे तरी हात हवे होते.

हे ध्यानी घेतले, की थोरांच्या गोष्टीही थोड्या निराळ्या दिसू लागतात. भीमसेन जोशी ह्यांची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. १९२२ चा जन्म; अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतील ठुमरी ध्वनिमुद्रिकेवर ऐकली आणि मुलगा वेडा झाला; १९३३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घर सोडले; बिनतिकिटाचा प्रवास करीत, गाणे ऐकवून लोकांना राजी करीत, ग्वाल्हेर गाठले. मुंबईकडून ग्वाल्हेरला जाणारी आगगाडी झाशीवरूनच जाते. तेथून ग्वाल्हेर शंभर किलोमीटरच्या आत. त्या फलाटावर (२०२१ पासून स्थानकाला वीरांगना लक्ष्मीबाई असे नाव आहे) उभी असताना मला तो मुलगा हटकून आठवतो. परंतु ध्वनिमुद्रिकेच्या आधीचे काय? त्या घरी आई भजने गात असे. रस्त्यावरून वाजतगाजत मिरवणूक चालली की हे पोर तिच्यामागे जाई, दमून कोठेतरी झोपी जाई, आणि घरचे शोधत फिरत. अखेर वडिलांनी, ते शिक्षक होते, त्याच्या सदऱ्यावर ‘जोशी मास्तरांचा मुलगा’ असे लिहून ठेवले, म्हणजे सापडेल त्याने घरी आणून सोडावे. ध्वनिमुद्रिकेने ठिणगी टाकली हे खरे. पण मिरवणुकांमागे धावून ते गवत आधीच सुकलेले होते.

विष्णु दिगंबर पलुसकरांचेही तसेच. कुरुंदवाडला दत्तजयंतीच्या वेळी दारूकामाने डोळ्यांना इजा झाली, शालेय शिक्षण खुंटले, म्हणून मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकायला पाठविले, असे आपण सांगतो. जणू अपघातानेच गवई घडविला. पण वडील दिगंबरबुवा कीर्तनकार होते. घरात टाळ होते, मृदंगाचा नाद होता. डोळे अधू झाले तेव्हा त्या मुलाला जायला एक ओळखीची वाट होती. पुढे १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि गाणे शिकण्याचे दार सर्वसामान्यांच्या मुलाबाळांना उघडले, ही गोष्ट मला त्या अपघातापेक्षा मोठी वाटते.

थोरांचे असो. झाशीच्या आसपासच्या मुलखात संगीताकडे जाण्याच्या वाटा किती सोप्या ठेवल्या आहेत, ते पाहण्यासारखे आहे. तीसएक किलोमीटरवर दतिया. पखवाजाचे आचार्य कुदऊसिंह तेथल्या दरबारचे. त्यांच्या नावाचे घराणे आजही चालते, आणि ती विद्या कठीण खरीच. पण त्याच बुंदेलखंडात पावसाळ्यात आल्हा गातात, फाल्गुनात ईसुरीच्या फागा गातात, आणि त्या मंडळींत मंजिरा एखाद्या पोराकडे असतो. बायकांच्या गाण्यात तर ह्याहून सोपी युक्ती. लग्नघरी एक बाई ढोलक घेऊन बसते. समोर दुसरी बसते आणि चमच्याने ढोलकाच्या लाकडी अंगावर ठोका देते. हा चमचा कोणालाही मिळतो. त्याला शिकवणी नाही, परीक्षा नाही. मात्र तो चुकला तर सगळ्यांना कळते, आणि बंद पडला तर गाणे उणे वाटते. म्हणजे ज्याच्या हाती तो आहे, त्याची गरज आहे. लहान मुलाला आपली गरज आहे असे वाटण्याचे प्रसंग घरात दिवसातून किती येतात, बरे?

ह्याच्या उलट चित्र आपल्या अनेक सुखवस्तू घरांत दिसते. पेटी असते, तिच्यावर भरतकामाची खोळ असते, खोळीवर फुलदाणी असते. मूल जवळ गेले की ‘हात लावू नको, बिघडेल’. मग ते आठ वर्षांचे झाले की त्याला शिकवणी लावतात, आणि वर्षभरात परीक्षेला किंवा स्पर्धेला बसवितात. शिकवणी आणि परीक्षा ह्यांना माझा विरोध नाही. कुदऊसिंहांची विद्या चमच्याने येत नाही. पण ज्याने कधी दहा जणांत मिसळून चुकत वाजविले नाही, त्याला एकट्याने बिनचूक वाजवायला लावणे हा क्रम मला उलटा वाटतो. अशी मुले चौदाव्या-पंधराव्या वर्षी वाद्य ठेवून देतात, आणि आईबाप म्हणतात, आवडच नव्हती. आवड होती की नव्हती, हे कळायला तिला कधी घराच्या ओसरीवर येऊ तरी दिले होते काय?

अनंतचतुर्दशीच्या आदल्या दिवशीची गोष्ट. बहिणीचे दीर बाहेरगावी गेल्याने एक झांज रिकामी होती. सासूबाईंनी ती उचलली आणि माझ्यापुढे धरली. मी हात मागे घेतला. म्हटले, मला ताल नाही. त्या म्हणाल्या, “अहो ताई, ताल काय पोटातून आणायचा असतो? समोर बघा आणि वाजवा.” नाही म्हणायला जागा राहिली नाही. मी दोरी बोटांना गुंडाळली. पहिले कडवे अर्थातच गेले; कोठे मारावे तेच उमजेना, आणि कानशिले तापली. समोर ती दिल्लीची मुलगी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले, काही बोलली नाही, आणि मला नीट दिसावे म्हणून आपले हात छातीपासून वर, पार डोळ्यांपर्यंत उचलून वाजवू लागली.