वेष्टनाचा ताण आणि मगनवाडीचे कर्तव्य

प्रति,
मा. संचालक,
महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था,
मगनवाडी, वर्धा.

सन्माननीय महोदय,

१९३४ च्या डिसेंबरात स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचा कारभार जे. सी. कुमारप्पा यांनी ज्या मगनवाडीतून चालविला, त्याच भूमीवर आज आपली संस्था उभी आहे. आणि मेलेल्या जनावराच्या कातड्याचा, हाडांचा, मांसाचादेखील विनियोग व्हावा म्हणून चर्मालय चालविणाऱ्या नालवाडीचा मी रहिवासी आहे. या दोन्ही स्थळांनी अपव्ययाकडे उपेक्षेने पाहिले नाही, एवढ्याच आधारावर मालाच्या थप्पीभोवती गुंडाळल्या जाणाऱ्या पातळ प्लास्टिकविषयी आपणांस हे जाहीर पत्र लिहीत आहे.

आपल्या जिल्ह्याचा व्यापार आजवर पोते आणि गाठ या दोन मापांनी चालत आला. हिंगणघाटच्या रुईच्या गाठी असोत, सरकीची ढेप असो की समुद्रपूर तालुक्यातली वायगावची हळद असो, माल हमालाच्या पाठीवरून ट्रकमध्ये चढे आणि बारदानाचा हिशेब तेथेच संपे. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेल्यापासून आणि सिंदी रेल्वे येथील ड्राय पोर्टची योजना पुढे आल्यापासून दूरचे गिऱ्हाईक माल पॅलेटवर रचून, फोर्कलिफ्टने उचलता येईल असा, स्ट्रेच फिल्म नावाच्या त्याच पातळ प्लास्टिकमध्ये आवळून मागणार, हे उघड आहे. मोठे कारखानदार त्याची तजवीज करतीलच. परंतु लहान डाळ मिलवाला, मसाल्याचा गृहउद्योग किंवा शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी ही फिल्म किलोच्या भावाने घेते आणि स्वस्त रोल म्हणजे काटकसर असा समज करून घेते. त्या समजाचे निराकरण करणारी अधिकारी संस्था आपल्याहून जवळची मला दिसत नाही.

फिल्मचे मर्म तिच्या ताणात आहे. एलएलडीपीई या जातीच्या प्लास्टिकची ही फिल्म ताणली असता मूळ लांबीकडे परतू पाहते आणि त्या ओढीनेच थप्पी आवळली जाते. फेट्याचे वेढे कापडाच्या जाडीपेक्षा बांधणाऱ्याच्या ओढीमुळे डोक्यावर बसतात, तद्वत सैल गुंडाळलेले जाड प्लास्टिक माल झाकते खरे, पण वळणावर त्याला आवरून धरीत नाही. शिवाय पहिले दोन-तीन फेरे मालाबरोबर लाकडी पॅलेटच्या कडेवरही बसले नाहीत, तर माल एका दिशेने आणि पॅलेट दुसऱ्या दिशेने सरकू लागते.

हिशेब मांडून पाहू. १२०० गुणिले १००० मिलिमीटर मापाच्या पॅलेटची परिमिती ४.४ मीटर भरते. वर जाता आणि खाली येता मिळून १६ फेरे धरले, तर सुमारे ७० मीटर फिल्म मालाभोवती बसते. ५०० मिलिमीटर रुंद आणि २३ मायक्रॉन जाड फिल्म हाताने गुंडाळताना माणूस ती दहा टक्के ताणतो असे धरल्यास रोलमधून सुमारे ६४ मीटर, म्हणजे जवळजवळ ६८० ग्रॅम, खर्ची पडते. उलट, फिल्म गुंडाळणाऱ्या यंत्रातील दोन रुळांपैकी पुढचा मागच्याच्या तिप्पट वेगाने फिरत असल्यामुळे एक मीटरची तीन मीटर फिल्म होते आणि तेवढ्याच फेऱ्यांना सुमारे २५० ग्रॅम पुरतात. अर्थात हा ताण सोसणारी फिल्म घ्यावी लागते. हलकी फिल्म अशा यंत्रावर तुटते आणि दोष यंत्राच्या माथी येतो.

यंत्र म्हटले की मगनवाडीच्या परंपरेत श्रमिकाचा प्रश्न आधी विचारला जातो, आणि तो विचारलाच पाहिजे. येथे उत्तर अवघड नाही. रोल हातात धरून, कंबरेत वाकून, उलट पावली थप्पीभोवती प्रदक्षिणा घालण्याने पाठ मोडते, चक्कर येते, आणि संध्याकाळपर्यंत हातातला ताणही ओसरतो. फिरत्या चकतीच्या अर्धस्वयंचलित यंत्रावर माणूस लागतोच. फक्त तो वाकत नाही. ज्याच्याकडे दिवसाकाठी मोजकीच पॅलेट भरली जातात, त्याने यंत्राचे कर्ज न काढता कारखान्यातच आधी ताणून आलेली हातफिल्म वापरावी. हे तारतम्य विक्रेत्याकडून मिळण्याचा संभव कमी. ते तटस्थ संस्थेनेच सांगावे.

आपल्या हवेचाही विचार हवा. वैशाखातल्या वर्ध्याच्या उन्हात उभी राहिलेली ताणलेली फिल्म हळूहळू सैलावते, आणि सूर्यकिरणांना टिकेल अशी घडण नसल्यास जीर्ण होऊन चिरते. उलटपक्षी, ओलसर किंवा गरम माल घट्ट वेढला तर आतल्या आत घाम धरून बुरशीला निमंत्रण मिळते. अशा मालाला छिद्रांची फिल्म योग्य.

राहिला अखेरचा प्रश्न, उतरविलेल्या फिल्मचा. १ जुलै २०२२ पासून लागू झालेल्या एकल वापराच्या प्लास्टिकबंदीत मिठाईचे खोके, निमंत्रणपत्रिका आणि सिगारेटची पाकिटे यांवरील फिल्म येते. पॅलेटवरची येत नाही. मात्र त्याच वर्षीच्या नियमांनी लवचीक प्लास्टिक वेष्टनाच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादक, आयातदार आणि ब्रँडमालकांवर टाकली आहे. ही फिल्म एकाच जातीच्या प्लास्टिकची असल्यामुळे स्वच्छ गोळा केली तर तिला मोल आहे; पट्ट्या, चिकटपट्ट्या आणि कागदी लेबले मिसळली की ते मोल उतरते, आणि गोदामामागे काडी लावली की उरतो केवळ विषारी धूर.

म्हणून माझी विनंती चार कलमांची आहे. आपल्या प्रांगणात एक अर्धस्वयंचलित यंत्र आणि त्याच्याशेजारी एक तराजू ठेवून, कापलेली फिल्म वजन करून दाखविणारे प्रात्यक्षिक सुरू करावे. फिल्मची निवड, फेरे आणि ताण यांविषयी सोप्या मराठीत एक पुस्तिका काढावी. मालकांबरोबर हमालांनाही प्रशिक्षण द्यावे, कारण रोल त्यांच्याच हातात असतो. आणि वापरलेली फिल्म वेगळी ठेवून विकण्याची व्यवस्था जिल्ह्यातल्या गोदामांना आखून द्यावी. यांतल्या एकाही कलमाला मोठ्या निधीची गरज नाही. अंमल मात्र सिंदीची वर्दळ वाढण्यापूर्वी झाला पाहिजे, एवढी तातडी आपण मान्य करावी.

कळावे,

आपला नम्र,
नालवाडीचा एक रहिवासी